गोष्ट छान आहे, पण साल कुठलं?

मुंबईकडे निघालं की नाशिकरोडनंतरचं पहिलं स्टेशन देवळाली. लष्कराची छावणी, जुन्या झाडांच्या रांगा, मुंबईच्या पारशी-गुजराती मंडळींनी हवापालटासाठी बांधलेली सॅनिटोरियमं. आमच्याकडे कुणी दुखण्यातून उठलं की 'चार दिवस देवळालीला जाऊन राहा' असं सांगायची रीत होती. आणि नेमकं याच गावाचं नाव घेऊन इंग्रज माणूस वेड्याला वेडा म्हणतो. 'तो डूलाली झालाय', म्हणजे त्याचं डोकं फिरलंय. विलायतेतली एखादी आजीबाई नवऱ्यावर वैतागून असं म्हणते, तेव्हा आपण नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाला मध्ये ओढतोय याचा तिला पत्ताही नसतो.

झालं होतं ते असं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला गोऱ्या सैनिकांचा मुक्कामी तळ होता. विलायतेहून आलेल्या तुकड्या मुंबईला उतरून आधी इथे यायच्या आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली ते परतीच्या जहाजासाठी इथूनच मुंबईला जायचे. पण सैनिकांची जहाजं बारमाही नव्हती. साधारण ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर भरली, तो पुढच्या हंगामापर्यंत तिथेच अडकला. हाताला काम नाही, डोक्यात घर, जवळ थोडा पैसा आणि समोर दारू. या दिवसांत माणूस जे विचित्र वागायला लागे त्याला सैनिकांनी नाव दिलं 'डूलाली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप! १९२५ साली निघालेल्या सैनिकी बोलीच्या एका इंग्रजी कोशात हा शब्द आहे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या, विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात नोकरी केलेल्या साध्या शिपायाने १९३६ साली आपल्या आठवणी छापल्या, त्यांत तो तळ आणि तो शब्द दोन्ही येतात. पुढे ताप उतरला आणि देवळाली तेवढी मागे राहिली.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोक हसतात आणि 'काहीतरीच काय' म्हणतात. त्याच लोकांना 'पॉश' या शब्दाची गोष्ट सांगून बघा. मुंबईला ये-जा करणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर पैसेवाले उतारू येताना डाव्या बाजूची खोली घेत आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे दोन्ही वेळा उन्हाचा त्रास नाही. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. तिकिटावर या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का पडे, तो शिक्का म्हणजेच 'पॉश'. इथे कुणी 'काहीतरीच' म्हणत नाही. सगळे माना डोलावतात आणि घरी जाऊन दुसऱ्याला सांगतात. आता अडचण एवढीच की असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही, कंपनीच्या दप्तरातही नाही. उंची, झोकदार या अर्थाने हा शब्द १९१४ च्या सुमारास छापील इंग्रजीत दिसू लागतो आणि बोटीची गोष्ट छापून येते ती १९३५ च्या सुमारास. पोर जन्मल्यावर वीस वर्षांनी बारसं, आणि बारशाला कुळकथा सांगणारा भलताच कुणीतरी!

खरी गोष्ट खोटी वाटावी आणि खोटी खरी, असं का होतं? मला वाटतं, खोटी गोष्ट ऐकणाऱ्यासाठीच घडवलेली असते, म्हणून ती बेतून शिवल्यासारखी बसते. खरी गोष्ट अशी बसत नाही. तिच्यात एखादा उगाचच आलेला ताप असतो, एखादं भलतंच गाव असतं.

आद्याक्षरांच्या गोष्टी तर या जातीतल्या सगळ्यात लबाड. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ, चारी दिशांची खबर, हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत शिकवलं गेलं? हात वर करा म्हटलं तर अख्खा वर्ग उभा राहील. 'न्यू' म्हणजे नवं आणि 'न्यूज' म्हणजे नव्या गोष्टी, इतका तो साधा मामला आहे. गोल्फचंही तेच. 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' असं त्याचं पूर्ण रूप सांगतात. हा खेळ स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ साली बंद करायला सांगितला होता, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यात रमत होते. त्या काळात आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची पद्धतच नव्हती. ती सवय विसाव्या शतकाने लावली. एखादा शब्द शंभर-दीडशे वर्षांहून जुना असेल आणि कुणी त्याचं पूर्ण रूप सांगू लागलं, तर खुशाल उठून चहा टाकायला जावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वाक्प्रचाराची जन्मकथा हा इतिहासातला दावा असतो. अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक लोकांनी असं केलं आणि त्यातून हे शब्द आले, असं ती सांगत असते. शिवकालातल्या एखाद्या किल्ल्याबद्दल कुणी असं बोललं तर आपण कागद मागतो, बखर आहे की समकालीन पत्र असं विचारतो, प्रसंगी भांडतो. शब्दांच्या बाबतीत मात्र जो सांगेल त्याचं खरं. इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, रविवारच्या पुरवण्यांमधली चौकट, पहाटे पाचला येणारे फॉरवर्ड, सगळीकडे हीच ऐकीव गंगा वाहते. तिथे एकच नियम लावावा, असं मला वाटतं: साल नाही तर गोष्ट नाही. हा शब्दप्रयोग सर्वांत आधी कुठल्या वर्षी लिहिलेला सापडतो आणि ती गोष्ट कुठल्या वर्षी सापडते, एवढंच विचारायचं.

हा नियम माझ्या पदरचा नाही. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली चर्चा सुरू झाली की इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दाचं चरित्र लिहावं, तारीखवार, पुराव्यासकट. पुढे जेम्स मरे या संपादकाने ऑक्सफर्डला घराच्या बागेत पत्र्याची शेड उभारली आणि शेकडो हौशी वाचकांनी पोस्टाने पाठवलेल्या चिठ्ठ्या तिच्यात खणाखणांत लावल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे आला ते वाक्य, लेखक, पुस्तक, वर्ष. हाच तो ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश. पहिला भाग १८८४ साली निघाला, काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत एक जण मनोरुग्ण गुन्हेगारांच्या इस्पितळात कोंडलेला होता, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ही गोष्ट मात्र खरी आहे, कागद आहेत.

१८५७ म्हटलं की आपल्याला दुसरंच आठवतं, आणि त्यावरूनही एक जन्मकथा फिरते. 'बाइट द बुलेट', म्हणजे मन घट्ट करून नकोसं काम उरकणं. हा शब्दप्रयोग म्हणे एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून आला. गाईची नि डुकराची चरबी लावलेली काडतुसं शिपायांना दातांनी तोडावी लागत, म्हणून. अंगावर काटा येतो, अभिमानही वाटतो. पण शिपाई दातांनी तोडत तो काडतुसाचा कागद, दारूच्या बाजूचा. गोळी असे दुसऱ्या टोकाला. आणि सालही जुळत नाही. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या निवृत्त कॅप्टनने इंग्रजी चोरबोली आणि शिपायांची भाषा जमवून एक कोश केला होता. त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत 'नाइटिंगेल' हा शब्द बघा. फटके खाताना जो शिपाई ओरडतो तो नाइटिंगेल, म्हणजे गाणारा पक्षी. तो कलंक लागू नये म्हणून काही पलटणींतले ग्रेनेडियर फटके बसत असताना तोंडात गोळी धरून चावत राहत, असं तिथे लिहिलंय. बंडाच्या साठ वर्षं आधी! आज आपण वापरतो त्या अर्थाने 'बाइट ऑन द बुलेट' हे शब्द किपलिंगच्या १८९१ सालच्या कादंबरीत येतात.

इथे गमावलं काय ते पाहा. आपल्या बंडाची गोष्ट त्यावर चिकटवली आणि खाली दबलेली गोष्ट दिसेनाशी झाली. ती आहे इंग्रजी लष्करातल्या गरीब गोऱ्या शिपायाची, ज्याची पाठ त्याचेच अधिकारी सोलून काढत आणि ज्याला ओरडण्याचीही लाज वाटे. साम्राज्य ज्यांच्या जोरावर उभं राहिलं त्यांना ते कसं वागवत होतं, याचा एवढा बोलका पुरावा एका शब्दात साठलाय आणि आपण तो आपल्याच हातांनी झाकून टाकला.

शब्द आपल्याकडून गेला असं सिद्ध करण्याची हौस फक्त आपल्यालाच असते असं नाही. 'आय डोंट गिव्ह अ डॅम' यातला 'डॅम' म्हणजे हिंदुस्थानातलं तांब्याचं नाणं दाम, असं हिरिरीने सुचवलं ते यूल आणि बर्नेल या दोन साहेबांनी, हॉब्सन-जॉब्सन नावाच्या १८८६ च्या त्यांच्या कोशात. अकबराच्या काळात चाळीस दामांचा रुपया होई, आपल्या बोलण्यात दमडी अजून आहे, 'दमडीची किंमत देत नाही' असं आपण म्हणतोच. सगळं कसं जुळून आलं! ऑक्सफर्डच्या कोशकारांनी मात्र ही कल्पना हुशारीची पण निराधार म्हणून बाजूला ठेवली. कारण इंग्रजीत आधीपासून माणसं एखाद्या गोष्टीची 'शापाइतकीही' पर्वा करत नसत आणि ऑलिव्हर गोल्डस्मिथ १७६० साली 'तीन डॅम्स'ची भाषा करतो ती शिव्याशापाच्याच अंगाने. मला स्वतःला हा निकाल वाचून वाईट वाटलं होतं. दमडी जिंकायला हवी होती.

पण काही शब्दप्रयोगांच्या मागे गोष्टच नसते, हे पचवायला सगळ्यात जड जातं. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' घ्या. १९९९ साली एक निनावी ईमेल जगभर फिरली, सोळाव्या शतकातल्या जीवनाबद्दल. तीत म्हटलं होतं की जुन्या इंग्लंडात कुत्रीमांजरं गवताने शाकारलेल्या छपरांत झोपत आणि मोठा पाऊस आला की घसरून खाली पडत. ज्याने कोकणात गवताने शाकारलेलं घर पाहिलंय त्याने एवढंच सांगावं: पावसात कुत्रं छपराच्या आत जाईल की वर जाऊन बसेल? त्याच ईमेलमधून शवपेटीला बांधलेल्या घंटेची गोष्ट पसरली. चुकून जिवंत पुरलेला माणूस दोरी ओढून घंटा वाजवी, म्हणून 'सेव्ह्ड बाय द बेल'. हा शब्दप्रयोग मुष्टियुद्धाच्या रिंगणातला आहे, फेरी संपल्याच्या घंटेचा. पावसाची कुत्रीमांजरं सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजी कवी-नाटककारांच्या लिखाणात वेगवेगळ्या रूपांत पडताना दिसतात, एका नाटकात तर मांजराच्या जागी पोलकॅट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी आहे. आजचं रूप जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात मिळतं. याहून जास्त काही नाही. कुणाला तरी गंमत सुचली, तिने जोर धरला.

आपण मुसळधार पाऊस म्हणतो. कुणाच्या माळ्यावरून मुसळं कोसळली होती, असं आजवर एकाही मराठी माणसाने विचारलेलं नाही. वेल्श लोकांकडे पावसात म्हाताऱ्या आणि काठ्या पडतात. त्याचीही कुणी चौकशी करू नये.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. माझ्या ओळखीतले इंग्रजीचे एक जुने सर म्हणतात, 'अरे, गोष्टीने पोरांच्या लक्षात राहतं. खोटी असली म्हणून काय बिघडलं? कुणाचा जीव जातो का?' सरांचं पहिलं वाक्य खरं आहे. गोष्टीने लक्षात राहतं, आणि हीच भीती आहे. खोटं जास्त लक्षात राहतं आणि मग त्यावर माणसं वागू लागतात.

'रूल ऑफ थम्ब' हे त्याचं नमुनेदार उदाहरण. अर्थ साधा: ठोकताळा, आडाखा. अंगठ्याने मापणं आपल्याला सांगायला नको, अंगुळं आणि वीत आपण कालपरवापर्यंत वापरत होतो. इंग्रजीत हा शब्दप्रयोग सतराव्या शतकापासून याच अर्थाने मिळतो. पण अनेक ठिकाणी, विशेषतः अमेरिकेत, शहाणीसुरती माणसं तो वापरायचं टाळतात. कारण त्यांना सांगितलेलं असतं की जुन्या इंग्रजी कायद्यात नवऱ्याला बायकोला मारायची मुभा होती, फक्त काठी अंगठ्यापेक्षा जाड नको; तोच हा नियम. ही सांगड घातली गेली ती १९७० नंतर. १९८२ साली तर अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने मारहाण सोसणाऱ्या बायकांविषयीच्या आपल्या अहवालाच्या नावातच हे शब्द घातले.

इथे दोन धागे आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला धागा काठीचा. १७८२ साली फ्रान्सिस बुलर या इंग्रज न्यायाधीशाने असं काही म्हटल्याची आवई उठली आणि जेम्स गिलरेने लगेच व्यंगचित्र काढलं: अंगठ्याची मुठी बसवलेल्या काठ्यांची मोळी घेऊन विकायला निघालेला 'जज थम्ब', आणि मागे बायकोला झोडपणारा नवरा. बुलरने खरोखर असा निवाडा दिल्याचा कागद नाही. पण समजूत होती, आणि ती समुद्रापलीकडेही गेली. १८६८ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खटल्यात खालच्या न्यायाधीशाने चक्क असं म्हणून नवऱ्याला सोडलं की छडी अंगठ्यापेक्षा बारीक होती. वरच्या कोर्टाने अंगठ्याचा नियम मानला नाही, मात्र नवराबायकोच्या असल्या बारीकसारीक भानगडींत आम्ही पडत नाही म्हणून सुटका कायम ठेवली. तीन फटके मारले होते, कारण नसताना. म्हणजे मारहाण खरी, कोर्टाची डोळेझाकही खरी. दुसरा धागा शब्दप्रयोगाचा, तो सुतार, शिंपी असल्या हाताने मापणाऱ्यांच्या जगातला. खोटी आहे ती फक्त या दोन धाग्यांमधली गाठ.

त्या खोट्या गाठीने नुकसान कुणाचं केलं? बायकांचं. १९९० नंतर विरोधकांनी ती गाठ अलगद सोडून दाखवली आणि म्हणाले, बघा, या चळवळवाल्या इतिहास रचतात. नॉर्थ कॅरोलायनाचा निकाल कुणी वाचलाच नाही. खऱ्या गाऱ्हाण्याला खोटा साक्षीदार उभा केला की साक्षीदारासकट गाऱ्हाणंही बाद होतं, हे कुठल्याही तालुका कोर्टातला वकील सांगेल.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे 'ध चा मा' आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. राघोबादादांनी गारद्यांना 'धरावे' असं लिहून दिलं होतं आणि आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, हे आपण चौथीपासून ऐकत आलो. तो कागद आज उपलब्ध नाही. आनंदीबाईंचा यात हात किती, यावर इतिहासाच्या अभ्यासकांचं एकमत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबादादांना. पण वाक्प्रचाराने निकाल फिरवला. ज्याच्या नावाचा हुकूम, तो भाषेतून सहीसलामत सुटला आणि त्याची बायको अडीचशे वर्षं रोज नव्याने गुन्हेगार ठरते, कुणा कारकुनाने अर्जातला आकडा बदलला तरीसुद्धा. इथे साल आहे, जागा आहे, माणसं खरी आहेत. नाही तो नेमका दोन अक्षरांचा पुरावा. वाक्प्रचार टाकून द्या असं मी म्हणत नाही. तो टाकता येणारही नाही. पण शाळेत तो शिकवताना 'असं सांगतात' हे दोन शब्द तरी पुढे जोडावेत.

पानिपताचंही ऐका. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार पानिपतावरून आला, कारण लढाई १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीला झाली, असं दर जानेवारीत वाचायला मिळतं. तारीख बरोबर आहे. संक्रांत चुकीची आहे. संक्रांत कायम १४ जानेवारीलाच येते, हा आपल्या हयातीपुरता अनुभव. ती साठ-सत्तर वर्षांत एकेक दिवस पुढे सरकते. अलीकडे काही वर्षी ती १५ ला येऊ लागलीय हे तीळगूळ वाटणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. मग त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? पानिपतावर मराठी फौज उपाशीपोटी उभी राहिली तेव्हा संक्रांत तीनचार दिवसांपूर्वी होऊन गेली होती. वाक्प्रचाराचा उगम तर घरच्या पंचांगातच दिसतो. संक्रांत कशावर बसून येते, कुठल्या दिशेला बघते आणि कुणावर तिची वक्रदृष्टी पडते हे जोशीबुवा दरवर्षी वाचून दाखवत, त्यासाठी अब्दालीची गरज नाही.

गंमत म्हणजे ओढूनताणून जोडलेल्या नात्याला आपल्याकडे झकास नाव आहे, बादरायण संबंध. तुमच्या दारात बोरीचं झाड, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, म्हणून आपण नातेवाईक, असं सांगून फुकट जेवून गेलेल्या पाहुण्याची ती गोष्ट आहे. ती सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं की ही थट्टा आहे. अशा गोष्टी हव्या तेवढ्या सांगाव्यात.

दुसऱ्यांच्या वाक्प्रचारांची उठाठेव आपण का करायची, असंही कुणी म्हणेल. पण त्यातले कितीतरी आता आपले झालेत. नक्राश्रू हा शब्द संस्कृताचा शेला पांघरून बसलाय म्हणून तो कालिदासाच्या शेजारचा वाटतो. तो युरोपातल्या मगरीचा अश्रू आहे, इंग्रजीतून आलेला. पांढरा हत्ती, हंसगीत, हिमनगाचं टोक, वाळूत डोकं खुपसणारा शहामृग, सगळे त्याच बोटीने आले. शहामृग तसं करत नाही, ते वेगळंच. बळीचा बकरा मात्र आपलाच, तरी त्याच्यावर ओझं लादलंय ते परकं. इंग्रजीतला 'स्केपगोट' हा शब्द विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलचं भाषांतर करताना घडवला. त्यातला बोकड मारला जात नाही. लोकांची पापं त्याच्या डोक्यावर घालून त्याला रानात सोडून देतात. तो सुटतो, आपला कापला जातो. आणि 'हिरवा कंदील दाखवणे' हे आपण कोशातून घेतलंच नाही, गार्डाच्या हातातून घेतलं. इंग्रजीत नुसता हिरवा दिवा आहे, कंदील आपला. फक्त ब्रिटिश रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात पांढरा दिवा म्हणजे 'चला' आणि हिरवा म्हणजे 'जपून' असा हिशेब होता, हे मंत्रालयात फायलींना हिरवा कंदील दाखवणाऱ्यांनी लक्षात ठेवलं तर बरं.

साल मागायचं म्हटलं की प्रश्न येतो, मराठीत साल सांगणार कोण? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघाला, त्यांचाच वाक्संप्रदाय कोश १९४० च्या दशकात आला. ही थोर कामं आहेत. त्यांत उदाहरणं आहेत, ग्रंथांचे हवाले आहेत. पण हा वाक्प्रचार पहिल्यांदा कधी दिसतो, मग अर्थ कसा वळत गेला, हे वर्षांच्या क्रमाने सांगण्यासाठी ते रचलेले नाहीत. जो माणूस 'संक्रांत कोसळणे'चा पहिला लेखी दाखला शोधायला निघेल त्याला हाती काही न लागता परत यावं लागतं, आणि रिकामी जागा दिसली की तिथे ऐकीव गोष्ट येऊन बसते.

हे काम आपल्याला जमणार नाही असंही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा असा ऐतिहासिक कोश चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या, पहिला खंड १९७६ साली निघाला आणि काम अजून 'अ' या अक्षरातच आहे. लोक याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. शब्दाची साक्ष काढायची तर इतका वेळ लागतोच. पण ज्या गावात संस्कृतच्या कोटीभर चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, त्या गावात मराठीच्या चिठ्ठ्यांचं कपाट कुठे आहे? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. १८३२ च्या 'दर्पण'पासूनची वृत्तपत्रं, पेशवे दप्तराचे रुमाल, संतांच्या गाथा, बखरी, लावण्या, शाहिरांचे पोवाडे, जुनी कोर्टाची कागदपत्रं हे सगळं शोधता येईल असं एका जागी आणलं, तर अर्ध्याहून जास्त वाक्प्रचारांची सालं आपोआप बाहेर पडतील. मरेच्या काळी पोस्टकार्डं लागत होती. आज निवृत्त शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवढी ऊर्जा सुप्रभातावर खर्च होते तेवढ्यात एक खंड निघेल.

गेल्या पावसाळ्यात देवळाली कॅम्पला रिक्षाने जात होतो. रिक्षावाले काका गप्पिष्ट होते, म्हणून त्यांना डूलालीची गोष्ट सांगितली. जहाजं, उन्हाळा, ताप, सगळं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग आरशात बघून म्हणाले, "येडे झाले त्यांचे सोल्जर, अन् नाव आमच्या गावाचं?"

मी हसलो. ते काही हसले नाहीत. कॅम्पाच्या चौकात गाडी थांबवून सुटे पैसे परत देताना त्यांनी विचारलं, "कुठं छापलंय का हे, की असंच?"